गच्चीवरच्या रास्पबेरी पायचं वायफाय सारखं तुटतंय : कामाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

मांडणी आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

पुण्यातली जुनी इमारत, पार्किंगवर चार मजले, आठ फ्लॅट. गच्चीवर दोन-दोन हजार लिटरच्या तीन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, एका ओळीत, चौथऱ्यावर. तिन्ही खालून पाइपने जोडलेल्या, त्यामुळे पातळी सगळीकडे एकच. खालच्या हौदातून पंपाने पाणी वर चढतं. पंप लावायचं काम वॉचमन मामांचं. टाकी भरली हे त्यांना कळतं कधी, तर ओव्हरफ्लोच्या पाइपातून पार्किंगमध्ये धार लागते तेव्हा. मार्चनंतर टँकर मागवणाऱ्या सोसायटीला हे परवडणारं नाही. म्हणून पातळी मोबाईलवर दिसावी एवढाच हा उद्योग. पंप आपोआप बंद करण्याच्या भानगडीत सध्या पडत नाही.

सामान : रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, म्हणजे वायफाय असलेला चिमुकला संगणक (पुढे 'पाय' किंवा 'बोर्ड' म्हणते तो हाच), सोळाशेच्या आसपास. जेएसएन-एसआर०४टी हा पाण्याला न भिणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, आवाजाच्या लहरी सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा, साडेतीनशे. पावसापाण्याला टिकणारा प्लास्टिकचा डबा, दोनशे. मेमरी कार्ड आणि जुन्या फोनचा चार्जर घरचाच. सेन्सरचा एको, म्हणजे प्रतिध्वनी आल्याचा संकेत, पाच व्होल्टचा येतो आणि पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणून मध्ये एक आणि दोन किलो-ओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवलं. हे विसरलात तर पिन जळते. सेन्सरला साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, पण आमचा ओव्हरफ्लो पाइप झाकणापासून बराच खाली असल्यामुळे भागतं.

डबा लावला टाक्यांच्या मागच्या कठड्यावर. तिथे दिवसभर टाक्यांची सावली असते म्हणून. राउटर माझ्या घरात, चौथ्या मजल्यावर, दाराजवळ. सिग्नल जिन्यातून वर येतो, जिन्याच्या केबिनच्या दारातून गच्चीवर निघतो. डब्यापाशी उणे ६३ डीबीएम मिळाला (हे सिग्नलचं माप, आकडा शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर). एवढ्यात आकडे पाठवायचं काम निवांत व्हायला हवं.

चार्जर केबिनमधल्या प्लगला, तिथून डब्यापर्यंत नऊ मीटर वायर. वायर घरात पडलेली होती, स्पीकरची, बारीक. तिच्याबद्दल पुढे येईलच.

१३ फेब्रुवारी

सकाळी सेक्रेटरी काकांचा फोन. "अगं, तुझ्या मोबाईलवर टाकी पंचावन्न टक्के दाखवतेय आणि इथे खाली नदी वाहतेय."

वायफाय तुटलं होतं. बोर्ड आकडे पाठवत नव्हता आणि मोबाईलवरच्या पानावर शेवटचा आलेला आकडा तसाच दिमाखात बसला होता. मामांनी तो पाहून पंप चालू ठेवला. म्हणजे वायफाय तुटणं हा एक दोष, आणि जुना आकडा ताजा म्हणून दाखवणं हा त्याहून घातक दुसरा. दुसरा आजच काढला : आकडा दोन मिनिटांपेक्षा जुना असेल तर तो खोडून तिथे लाल अक्षरात 'माहिती नाही, वर जाऊन बघा' येतं. एमक्यूटीटी (यंत्रांनी छोटे निरोप पाठवायची पद्धत) वापरणाऱ्यांनी 'लास्ट विल'चा संदेश पहिल्या दिवशीच लावावा. बोर्ड गप्प झाला की ब्रोकर, म्हणजे निरोप वाटणारा मधला सर्व्हर, आपणहून तो गेल्याचं कळवतो.

संध्याकाळी पुन्हा तुटलं. वीसेक मिनिटांनी आपोआप जुळलं.

आणखी एक गोष्ट आज केली, आणि पुढचा सगळा तपास तिच्यामुळेच जमला. दर मिनिटाला एक ओळ बोर्डाच्या स्वतःच्या कार्डावर लिहायची : वेळ, पाण्याची पातळी, सिग्नल किती डीबीएम, राउटरला पिंग लागला का (म्हणजे हाक मारली तर उत्तर आलं का), प्रोसेसरचं तापमान, आणि बोर्ड सुरू होऊन किती वेळ झाला. नेटवरून येणारा लॉग नेट गेलं की बंद पडतो, आणि आपल्याला नेमकी तीच मिनिटं हवी असतात.

१७ फेब्रुवारी

पहिला संशय अर्थात पॉवर सेव्ह, म्हणजे वीज वाचवायला वायफायची चिप मधूनमधून झोपते ते. रास्पबेरी पायच्या वायफायबद्दल कुणालाही विचारा, पहिलं उत्तर हेच मिळतं. 'आयडब्ल्यू'ला, म्हणजे वायफायची माहिती देणाऱ्या आज्ञेला, विचारलं, तर पॉवर सेव्ह 'ऑन'. लॅपटॉपवरून पिंग केला तर एक उत्तर सहा मिलिसेकंदांत, पुढचं तीनशेमध्ये, मग दोन गायब. चिप मध्येच डुलकी काढते तेव्हा असंच दिसतं.

बंद करायला तासभर गेला, कारण नेटवर सापडणारे बहुतेक उपाय जुन्या पद्धतीचे आहेत. कुणी इंटरफेसेसच्या फाइलमध्ये ओळ घालायला सांगतं, कुणी डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ओएसची 'बुकवर्म' आवृत्ती आली आणि वायफायचा कारभार नेटवर्क मॅनेजरकडे गेला. त्या जुन्या फाइलींत तुम्ही काहीही लिहा, कुणी वाचत नाही. चूक झाल्याचंही कुणी सांगत नाही. हाताने 'आयडब्ल्यू'ची आज्ञा दिली तर पॉवर सेव्ह बंद होतं, पण पुढच्या रीबूटला पुन्हा चालू.

टिकणारा उपाय : 'एनएमसीएलआय' ही नेटवर्क मॅनेजरची आज्ञा वापरून त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये वायरलेस पॉवरसेव्हची किंमत २ करायची. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. बुकवर्मचं कार्ड इमेजर (कार्डावर ओएस भरणारा प्रोग्रॅम) वापरून बनवलं असेल तर कनेक्शनचं नाव बहुधा 'प्रीकॉन्फिगर्ड' असतं. मग रीबूट करून पुन्हा 'आयडब्ल्यू'लाच विचारायचं. सेटिंग केलं म्हणजे लागू झालं असं धरून चालू नका.

पिंग एकदम सरळ झाला, सगळी उत्तरं दहा मिलिसेकंदांच्या आत. एसएसएचमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून बोर्डाला आज्ञा देताना, टाइप करताना अक्षरं अडकायची तीही थांबली.

संध्याकाळी सव्वासातला वायफाय गेलं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. तुटण्याच्या वेळा बघितल्या : सकाळी साधारण सात ते नऊ, संध्याकाळी सात ते साडेआठ. दुपारी क्वचित, मध्यरात्री कधीच नाही.

म्हटलं, गर्दी. सकाळ-संध्याकाळ सगळे घरी, प्रत्येक घरात राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अरुंद. झीरो २ डब्ल्यूला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही, त्यामुळे पळायला दुसरी जागा नाही. गच्चीवर फोनवरच्या ॲनालायझरने पाहिलं तर तेवीस नेटवर्कं, त्यांतली निम्मी चॅनेल ६ वर. काहीजण ४ आणि ८ वर बसलेले. १, ६ आणि ११ हीच काय ती एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं. मधल्या चॅनेलवर बसणारा दोन्हीकडच्यांना त्रास देतो आणि स्वतःही सुखात नसतो. आमचा राउटर 'ऑटो'वर होता, तो ११ वर बांधला.

पटण्यासारखं कारण होतं, आणि म्हणूनच त्यात आठवडा गेला. ११ झालं, १ झालं, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. तुटण्याच्या वेळा जागच्या हलल्या नाहीत. राउटर मात्र ११ वर आणि २० वर ठेवून दिला, घरातल्या बाकीच्यांना त्याचा फायदाच झाला.

२५ फेब्रुवारी, रविवार

लॉगच्या शेवटच्या रकान्याने आज काम केलं. सगळे खंड एका जातीचे नाहीत. काही खंडांत बोर्ड जिवंत आहे, मिनिटामिनिटाला ओळ लिहितोय, फक्त पिंग लागत नाही. काहींत मात्र 'सुरू होऊन किती वेळ'चा आकडा शून्यावर आलाय. म्हणजे बोर्डच रीबूट झाला. घरात बसून पानाकडे पाहिलं तर दोन्ही सारखेच : माहिती नाही.

रीबूट म्हटलं की वीज. पण 'व्हीसीजेनकमांड' या पायच्या आज्ञेला थ्रॉटलिंगबद्दल, म्हणजे व्होल्टेज पडून किंवा तापून बोर्ड मंदावला का याबद्दल, आधीच विचारलं होतं आणि उत्तर निखळ शून्य होतं, म्हणून वीज निर्दोष धरली होती. आता कागदपत्रं नीट वाचली. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ओरडणारं सर्किट २०१४ च्या बी प्लसपासून पुढच्या पायवर असतं, पण झीरोच्या मालिकेवर ते नाही. व्होल्टेज कितीही पडलं तरी झीरोवर ते शून्य शून्यच. आजारी माणसाला थर्मामीटर न लावताच ताप नाही म्हणण्यातली ही गत.

मल्टिमीटर घेऊन वर गेले. केबिनमध्ये चार्जरपाशी ५.१२ व्होल्ट. डब्यात बोर्डापाशी ४.७१. मीटर सर्वात कमी आकडा धरून ठेवण्यावर लावला आणि बोर्डाला काम दिलं, चारही कोर जुंपले आणि वायफायवरून मोठी फाइल पाठवली. ४.३८. मीटरला दिसलं ते एवढं. क्षणभराच्या खोल गचक्या तर असल्या मीटरला दिसतही नाहीत.

दोष त्या स्पीकरच्या वायरचा. नऊ मीटर जायचं, नऊ यायचं, अठरा मीटर बारीक तांबं. मोजला तर साधारण दीड ओहम. अर्धा अँपिअर ओढला की पाऊण व्होल्ट वायरमध्येच संपतो.

जाड वायर घेता आली असती, पण पाच व्होल्ट लांब न्यायचे हा विचारच सोडला. केबिनमध्ये १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, जुन्या सेट टॉप बॉक्सचा, आणि डब्यात एलएम२५९६चं बक कन्व्हर्टर, बाराचे पाच व्होल्ट करणारं, सत्तर रुपये. वायर तीच. १२ व्होल्टवर करंट साधारण निम्माच लागतो आणि थोडंफार गळालं तरी कन्व्हर्टर सांभाळून घेतं. त्याचा निळा स्क्रू बोर्ड जोडायच्या आधी फिरवून ५.१ वर आणायचा. नवं कन्व्हर्टर कुठल्या व्होल्टेजवर सेट होऊन आलंय याचा नेम नसतो. माझं साडेअकरावर होतं.

बोर्डापाशी आता ५.०९, काम दिलं तरी ५.०५. रीबूट बंद. दुसऱ्या जातीचे खंड, म्हणजे बोर्ड जिवंत आणि वायफाय मेलेलं, ते तसेच.

२ मार्च

छोटी नोंद, पण यात फसायला होतं. जुने लॉग जुळवताना काही ओळींची वेळ मागे गेलेली दिसली, ८:४० नंतर ८:१७. या बोर्डात स्वतःचं घड्याळ नाही. तो नेटवरून वेळ घेतो. नेट नसताना रीबूट झाला तर शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून पुढे मोजत राहतो. म्हणजे ज्या काळाचा तपास करायचा, नेमकी त्याच काळाची वेळ खोटी.

डीएस३२३१चं घड्याळ लावलं, दीडशे रुपये आणि एक सेल. आधीच्या लॉगमधले रीबूटनंतरचे तुकडे बाजूला काढले. ते वापरले असते तर पुढचं काही दिसलंच नसतं.

जाता जाता तापमान : डबा बंद, बाहेर पस्तीस अंश, प्रोसेसर ६८ पर्यंत जातो. ८० पर्यंत तो मंदावत नाही. शिवाय तुटतं सकाळी सातला, तेव्हा तो चाळिशीत असतो. उष्णतेचा संशय खोडला.

८ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र. आठवड्याचा लॉग एकाखाली एक दिवस असा छापून टेबलावर पसरला. पिंग न लागलेली मिनिटं लाल पेनाने रंगवली. रोज सकाळी एक लाल पट्टा, रोज संध्याकाळी एक. कालचा दिवस तेवढा पूर्ण कोरा.

काल गुरुवार होता. पुण्यात पाइपलाइनच्या दुरुस्त्या बहुतेक गुरुवारीच निघतात, आणि काल आमच्या भागात पाणी नव्हतं. शेजारीपाजारी होते, त्यांचे राउटर होते, रात्री मॅच होती. गर्दीमुळे तुटत असतं तर कालही तुटलं असतं. काल फक्त पंप चालला नाही.

मग पहिला विचार पंपाच्या मोटरचा. मोटर सुरू होताना लाइनमध्ये झटका बसत असेल, किंवा मोटर काहीतरी विद्युत गोंगाट करत असेल. पण मोटर तळमजल्यावर, आणि लॉग बघितला तर पंप सुरू झाल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं पिंग उत्तम लागतोय. त्यानंतर तुटतं. आणि पंप बंद झाला तरी लगेच जुळत नाही. लोकांच्या आंघोळी, धुणीभांडी होईपर्यंत तुटलेलंच.

तेव्हा पातळीचा रकाना सिग्नलच्या रकान्याशेजारी ठेवला. दोन्ही रकाने पहिल्या दिवसापासून एकाच फाइलीत होते, मी ते एकत्र कधी वाचलेच नव्हते. पातळी वर, सिग्नल खाली. प्रत्येक दिवशी.

डबा टाक्यांच्या मागे. राउटरचा सिग्नल केबिनच्या दारातून निघतो तो टाक्यांच्या पलीकडून. टाकी रिकामी असली तर मध्ये फक्त प्लास्टिक, त्याचा काही अडथळा नाही. टाकी भरली की मध्ये मीटरभर जाडीचं पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरून जातात. उरतो तो इकडून तिकडून वळून, कठड्यावर आपटून येणारा उष्टा सिग्नल.

१० फेब्रुवारीला उणे ६३ मोजला होता तो दुपारी, टाकी अर्धी असताना.

१० मार्च, रविवार

पटलं म्हणून लगेच डबा हलवायचा नाही असं ठरवलं, गर्दीचं कारणही असंच पटलं होतं. मामांना विनंती केली की आज पंप मी सांगेन तेव्हा लावा, सांगेन तेव्हा थांबवा. मामा म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तसं, पण दहा वाजेपर्यंत टाकी भरली पाहिजे, नाहीतर शिव्या मला पडतात." रास्त होतं. पहाटे साडेपाचला सुरुवात केली.

टाकी पस्तीस टक्के : उणे ६२. पंप लावला. पन्नासला उणे ६५. साठला उणे ७०, इथे पंप थांबवून अर्धा तास वाट पाहिली. पाणी वापरात नव्हतं, पातळी हलली नाही, आणि सिग्नलही उणे ७० वरच एखाद-दुसऱ्या अंकाने डोलत राहिला. म्हणजे वेळेशी संबंध नाही, मोटरशी नाही. पुन्हा लावला. सत्तरीला उणे ७६. ऐंशीला उणे ८२, पिंग मधूनमधून चुकायला लागला. पंच्याऐंशीच्या पुढे कनेक्शन सुटलं. हाताने जोडायचा प्रयत्न केला तर नेटवर्क यादीत दिसे आणि जोडताना सुटून जाई.

पातळी साठाच्या आसपास असताना सिग्नल एवढा जोरात का पडतो तेही तिथे उभं राहून कळलं. डबा कठड्यावर ज्या उंचीला आहे, टाकीतलं पाणी साठ टक्क्यांना त्या उंचीवर येतं. डबा आणि केबिनच्या दाराची वरची चौकट यांच्यात मी दोरी ताणून धरली, ती टाकीला बरोबर तिथेच टेकते.

याच दरम्यान मामांनी सवयीने केबिनचं लोखंडी दार ओढून घेतलं आणि सिग्नल एका झटक्यात आणखी सहा-सात डीबीने पडला. रात्री दार बंदच असतं, पण रात्री टाकी उतरलेली असते, म्हणून त्याचा दोष कधी दिसला नव्हता.

१६ आणि १७ मार्च

पर्याय असे होते. बाहेरच्या अँटेनाचा यूएसबी अडॅप्टर : हजार रुपये, ड्रायव्हरची कटकट, आणि शेवटी पाण्याच्या मागेच उभा. रिपीटर केबिनमध्ये : टाकी तरीही मध्ये येणारच. डबा उंच पाइपवर चढवायचा : सिग्नल पाण्याच्या वरून जाईल, पण एप्रिलच्या उन्हात डबा उघडा पडेल आणि वळवाच्या वाऱ्यात पाइप हलेल. डबा टाक्यांच्या अलीकडे, केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर, छज्जाखाली आणायचा : सावली आहे, प्लग दोन मीटरवर, मध्ये पाणी नाही. अडचण एकच, सेन्सर टाकीवरच राहणार आणि त्याच्या प्रोबची, म्हणजे टाकीत डोकावणाऱ्या टोकाची, वायर जेमतेम अडीच मीटर.

प्रोबची वायर वाढवू नका. त्यातून जाणारा सिग्नल नाजूक असतो. मी एक मीटर जोडून पाहिली, आकडे वाट्टेल तसे उड्या मारायला लागले. त्याऐवजी सेन्सरचं छोटं बोर्ड टाकीपाशीच वेगळ्या डबीत ठेवलं आणि तिथून केबिनपर्यंत सात मीटर कॅट-सिक्स केबल ओढली. ट्रिगर (सेन्सरला 'मोज' म्हणणारा इशारा) आणि एकोचे स्पंद एवढ्या लांबीवर मधूनच चुकत होते, म्हणून सेन्सर सिरियल मोडवर नेला. याच्या २.० आवृत्तीत आर-२७ लिहिलेल्या रिकाम्या जागी ४७ किलो-ओहमचा रेझिस्टर डाखला की ते बोर्ड अंतर मोजून आपणहून ९६०० बॉडच्या वेगाने पाठवत राहतं. प्रत्येक निरोपाच्या शेवटी चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, असतो, त्यामुळे बिघडलेला आकडा ओळखून टाकून देता येतो. जागा टाचणीच्या डोक्याएवढी आहे, डाखताना हात थरथरला तर शेजारचा रेझिस्टर उपटून येतो. माझं एक बोर्ड त्यात गेलं, साडेतीनशे पाण्यात. पाच व्होल्ट उतरवणारे दोन रेझिस्टर आता पायच्या बाजूला.

सात मीटरची केबल गच्चीवरून जमिनीलगत नेऊ नये, पापडवाळवणं आणि मुलांच्या सायकली यांच्या पायी ती आठवडाभरही टिकणार नाही. चौथऱ्याच्या कडेने पीव्हीसी पाइपात घातली. पाइप, क्लिपा, केबल मिळून चारशे ऐंशी.

केबिनच्या भिंतीवर सिग्नल उणे ५४, दार बंद केलं तर उणे ६०. टाकी भरताना पाहत उभी राहिले. ओव्हरफ्लो होईपर्यंत उणे ५४ चा ५५ झाला, बस.

३१ मार्च

दोन आठवडे निर्वेध. आणि काल रात्रीपासून वायफाय नाही, टाकीचा काही संबंध नाही. घरातले फोन, लॅपटॉप सगळे चालू. बोर्डाला मात्र नेटवर्क दिसतच नव्हतं. नुसतं जोडलं जात नव्हतं असं नाही, यादीतच नव्हतं.

गंमत अशी की गेल्या आठवड्यात केबलवाल्यांनी राउटर बदलून दिला होता आणि नव्या राउटरचं चॅनेल 'ऑटो'वर होतं. रात्री त्याने स्वतःहून १३ निवडलं. भारतात १३ चालतं, इथले फोन ते बघतात. बोर्डावरचा देश मात्र 'यूएस' निघाला. हे कार्ड माझ्या भावाने न्यू जर्सीत असताना बनवलेलं, तिथे पहिल्या ११ चॅनेलांपुढे परवानगी नसल्यामुळे बोर्ड १२ आणि १३ कडे बघतच नाही. रास्पी-कॉन्फिगमध्ये वायफायचा देश 'आयएन' केला, रीबूट केलं, नेटवर्क दिसलं. राउटरही पुन्हा ११ वर बांधला.

नेटवर्क यादीत दिसतं आणि सुटतं, आणि यादीत दिसतच नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरीत सिग्नलच्या मागे लागण्याआधी देश आणि चॅनेल बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

१३ एप्रिल

गुढीपाडव्यापासून वळवाचे ढग येताहेत, परवा पहिली सर झाली. पाइपाच्या टोकाशी पाणी शिरेल असं वाटत होतं, तिथे केबल खाली लोंबकळती ठेवून मग वर घेतली होती, त्यामुळे थेंब खालच्या खाली गळून गेले. सेन्सरची डबी मात्र आतून दमट झाली. ग्लँड (वायर आत घ्यायचं बूच) उलटा, तोंड वर करून बसवला होता. तो खाली फिरवला आणि आत सिलिका जेलची पुडी टाकली.

हिशोब सेक्रेटरी काकांना दिला : सगळं धरून तीन हजार चारशे, त्यात मोडलेला सेन्सर मी माझ्या नावावर घेतला. काकांनी बक कन्व्हर्टरच्या सत्तर रुपयांची पावती मागितली. बुधवार पेठेतल्या दुकानात असल्या वस्तूची पावती कोण देतं, पण पुढच्या वेळी मागेन म्हटलं.

मामा आता पान बघून पंप बंद करतात, नव्वद टक्क्यांना. त्यांची मागणी आहे की फोन खिशात असतो, तेव्हा आकड्याऐवजी घंटा वाजावी. ते पुढच्या रविवारी.